दादरचा निबंधाचा क्लास: शिकवणं मस्त, जागा वैताग

लेकीला नववीत घातलं तेव्हा तिचा निबंध म्हणजे एकच दोन पानी परिच्छेद, पावसाळ्यापासून सुरू होऊन आजीच्या गुडघ्यावर संपणारा. म्हणून रानडे रोडच्या मागच्या गल्लीतला हा रविवारचा क्लास लावला. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, एका परिच्छेदात एकच मुद्दा, पहिल्या वाक्यात तो सांगून टाकायचा, मग का ते आणि एक डोळ्यासमोरचं उदाहरण. विषय दिला लोकलची गर्दी, तर पोरीने आधी लिहिलं "लोकल मुंबईची जीवनवाहिनी आहे", मॅडमनी तिथेच खोडलं, हे सगळेच लिहितात, तू काय पाहिलंस ते लिही. मग आलं, "आठ वाजता दादरला उतरायचं तर माटुंग्यालाच दाराशी यावं लागतं." बघा ना फरक! 'म्हणून', 'पण', 'उलट' हे जोडशब्द कुठे शोभतात तेही वहीत तपासून देतात, नुसती टिकमार्क नाही.

खोली मात्र कोंदट, पंखा एकच, आणि बॅचला बारा मुलं सांगून वीस बसवतात, ते खटकलं. सुरुवात-मध्य-शेवट याचा जरा अतिच आग्रह आहे, गोष्टीवजा निबंधाला तो साचा काचतो. तरी पुढची टर्म भरली आहे, चार स्टार.