कादंबरीचा पहिला खर्डा झाला: सरसकट दुरुस्ती, हेतूवार फेऱ्या की पुनर्लेखन?

पंचाहत्तर हजार शब्दांचा खर्डा पुरा झाला की लिहिणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. पहिल्या पानापासून दिसेल ते सुधारत जायचं. एका वेळी एकच गोष्ट तपासत चार फेऱ्या करायच्या. नाहीतर खर्डा मिटवून ठेवून पुन्हा लिहायला बसायचं. वाट कुठलीही धरा, आधी किमान तीन आठवडे खर्ड्याला हात लावू नका. काय लिहिलंय आणि काय लिहायचं होतं, यातला फरक त्याशिवाय दिसत नाही.

सरसकट दुरुस्ती सोपी वाटते. पानाला 300 शब्द धरले तर 250 पानं. रोज 25 पानं केली की दहा दिवसांत काम संपतं. पण पहिली तीन प्रकरणं घोटून घोटून गुळगुळीत होतात आणि पुढच्यांच्या वाट्याला दमलेली नजर येते. दुसरा तोटा मोठा आहे. बाराव्या प्रकरणाची वाक्यं दोन दिवस घासली आणि विसाव्याशी आल्यावर कळलं की बारावं नकोच होतं, तर ते काढायला हात धजत नाही. पंचवीस-तीस हजार शब्दांची लघुकादंबरी असेल किंवा आराखडा आधीच पक्का असेल, तरच ही वाट धरावी.

बहुतेकांसाठी हेतूवार फेऱ्या बऱ्या. पाच-सहा आठवडे लागतात, पण मेहनत वाया जात नाही, कारण मोठं आधी ठरतं आणि बारीक नंतर. सुरुवातीला एका कागदावर तीन वाक्यं लिहा: ही गोष्ट कोणाची, शेवटी त्या माणसात काय बदललेलं असतं, आणि वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उरावा. तिन्ही वाक्यं लिहिता येत नसतील तर अजून दुरुस्तीची वेळ झालेली नाही.

पहिली फेरी कागदावर करा. ए-फोर, एका बाजूला छपाई, 14 पॉइंट, दीडपट अंतर, डावीकडे दोन इंच समास. स्पायरल करून घेऊ नका. प्रकरणवार टाचलेले सुटे गठ्ठे पुढेमागे हलवता येतात. वाचताना वाक्य सुधारायचं नाही, समासात फक्त खूण करायची. मग तक्ता आखा: प्रकरण, स्थळ, दिवस, कोणाच्या नजरेतून, आणि काय बदललं. शेवटचा रकाना कोरा राहिला, तर ते प्रकरण गाळा किंवा शेजारच्यात मुरवा.

दुसरी फेरी काळाची. इंदूरची कादंबरी असेल तर इथे हमखास घोटाळा होतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमीला, तर शेजारच्या हिंदी घरातल्या पंचांगात तोच दिवस चैत्र कृष्ण पंचमी. निवेदनात एक प्रकरण या हिशेबानं आणि दुसरं त्या हिशेबानं गेलं, की पात्राचा महिनाभराचा काळ कुठेतरी हरवतो. निवेदनासाठी एकच पंचांग धरा. संवादात पात्र आपापलं बोलेल.

तिसरी फेरी भाषेची, आणि इथे घाई नको. ‘त्यानं मुलीला चांगली शिक्षा दिली’ हे वाक्य इंदूरच्या राजवाड्याजवळ कदाचित खपून जाईल, कारण हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण; पुण्यात त्याचा अर्थ उलटा होईल. ‘चेष्टा’चंही तसंच: हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. पण असा शब्द दिसला की पुसायचा, हा नियम चुकीचा. इंदुरी मराठी पात्राच्या तोंडी तो हवाच. ती बोली पुसली तर माणूस खोटा वाटतो. निवेदक त्रयस्थ असेल तर बदला. निवेदक इंदूरचाच ‘मी’ असेल तर ठेवा, मात्र मग पहिल्या पानापासून तोच आवाज हवा; मधूनच डोकावला तर ती चूक वाटते.

शुद्धलेखन शेवटी. टंकन हिंदी कामाची सवय असलेल्या माणसाकडून झालं असेल तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘ळ’चा ‘ल’ झालेला सापडेल. फाइल कृतीदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर आधी युनिकोड करून घ्या. एरवी मराठीत टाइप करून शोधलेला शब्द मिळणार नाही. ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, म्हणून दोन्ही तऱ्हांनी शोधा.

पुनर्लेखनाला रोज 500 शब्दांच्या वेगानं 150 दिवस लागतात. ते दोनच वेळा परवडतं: तक्त्यातली एक तृतीयांशाहून जास्त प्रकरणं कोरी निघाली, किंवा निवेदक बदलायचा ठरला. ‘तो’च्या जागी ‘मी’ घालून भागत नाही. ‘गेला’चं ‘गेलो’ होतं, आणि ‘मी’ला जे ठाऊकच नाही ते सगळं गाळावं लागतं. लिहिताना जुना खर्डा बंद ठेवा; एखादा संवाद जसाच्या तसा हवा असेल तेवढ्यापुरताच उघडा, नाहीतर जुनीच वाक्यं उतरवली जातात. दोन-चारच प्रकरणं बिघडलेली असतील तर पहिल्या फेरीनंतर तेवढीच नव्यानं लिहा आणि मग काळाच्या फेरीला लागा.