फोनवरच्या माणसाने माझ्या कॉम्प्युटरचा ‘लायसन्स नंबर’ अचूक वाचून दाखवला

कराडात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अशी कामं. एकवीस वर्षं मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करते आहे. हे आधी सांगते, कारण ‘कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही अशीच माणसं फसतात’ असं मला नंतर खूप जणांनी ऐकवलं. मला कॉम्प्युटर कळतो. तरी माझे ४३,१९९ रुपये गेले. कसे गेले ते लिहिते, कारण ज्या युक्तीने मला पटवलं ती कुठल्याही विंडोज कॉम्प्युटरवर चालते.

गेल्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आधीचा आठवडा होता. त्या दिवसांत आमच्याकडे जेवायलाही उसंत नसते. एका गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवर फोटो आणले, ते रार फाइलमध्ये, म्हणजे झिपसारख्या दाबून केलेल्या गठ्ठ्यात, बांधलेले. फाइल उघडेना, म्हणून मी नेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत बसवलं. फोटो निघाले. थोड्या वेळाने एक पीडीएफ उघडायला गेले तर ‘ही फाइल कशात उघडू?’ असं विचारणारी चौकट आली. त्यात ‘नेहमी हेच वापरा’वर टिक होती. घाईत मी ओके दाबलं. जेपीजीच्या वेळीही तेच झालं.

तेव्हापासून पीडीएफवर डबल क्लिक केलं की आमच्या रीडरऐवजी भलतंच काहीतरी उघडायचं आणि प्रिंट द्यायच्या आधी पैसे मागायचं. फाइलींवरची चिन्हं बदलली. राइट क्लिक केलं की मेनूत तीन-चार अनोळखी ओळी दिसायच्या आणि मेनू उघडायलाच आठ-दहा सेकंद लागायचे. दिवसभरात शेकडो वेळा राइट क्लिक करावं लागतं आम्हाला. प्रेसवाला छपाईच्या प्लेटसाठी पीडीएफ मागत होता, दारात दोन पत्रिकावाले उभे होते.

हे गावाला गेले होते. आमचा नेहमीचा हार्डवेअरवाला फोन उचलेना. मग मी दुपारी साडेतीनला सर्चमध्ये अडचण टाइप केली. सगळ्यात वर जे आलं त्यात १८०० ने सुरू होणारा टोल-फ्री नंबर होता. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, हे मला आज दिसतं. त्या दिवशी मी फक्त नंबर पाहिला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. फार नम्र. ‘विंडोज सपोर्ट’मधून बोलतो म्हणाला. मी सगळं सांगितलं, त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग स्क्रीन दाखवणारं एक सॉफ्टवेअर उतरवायला लावलं, त्यावर आलेला नऊ आकडी नंबर विचारला, आणि माझा माउस आपोआप हलायला लागला. एवढ्यावर मी थांबले असते. मनात धाकधूक होतीच. पण पुढच्या पाच मिनिटांत जे झालं त्याने माझा संशयच पुसून टाकला.

त्याने कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली आणि ‘असॉक’ असा छोटा शब्द टाइप केला. सरसर ओळी धावल्या, भली मोठी यादी वर गेली आणि शेवटी थांबली. तो म्हणाला, “मॅडम, हमारे सर्वर पर आपके कंप्यूटर का लायसेंस नंबर है. मैं पढ़ता हूँ, आप मिलाइए.” आणि त्याने ८८८ डी सी ए ६० पासून सुरुवात करून बत्तीस अक्षरं-आकडे सावकाश वाचले. मी स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत गेले. एकही अक्षर चुकलं नाही.

मला वाटलं, हा नंबर माझ्या मशीनच्या आत होता, मी स्वतः आयुष्यात कधी पाहिला नव्हता, तो याला कसा माहीत? म्हणजे माणूस खरा आहे. एखाद्याने आपल्या घरातल्या कपाटाच्या आतली खूण सांगावी तसं झालं.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण दाखवले. शेकड्याने होते. लायसन्स संपलंय, बाहेरचं कुणीतरी तुमच्या नंबरवर बसलंय, म्हणून फाइलींचे संबंध तुटतायत, असं त्याचं म्हणणं. एका वर्षाचे ४,९९९ रुपये. मी यूपीआयने भरले. त्याने सेटिंग्जमध्ये जाऊन काहीतरी केलं आणि दहा मिनिटांत पीडीएफ पूर्वीसारखी उघडायला लागली. मी त्याचे आभार मानले. त्या संध्याकाळी पत्रिकाही वेळेवर गेल्या.

तिसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. तुमचे पैसे चुकीच्या खात्याखाली जमा झालेत, ते परत करून नवी पावती द्यायची आहे. स्क्रीनवालं सॉफ्टवेअर मी काढलं नव्हतं, त्यानेही काढायला सांगितलं नव्हतं. त्याने एक फॉर्म उघडला, त्यात डेबिट कार्डाचा तपशील भरायला लावला. मग स्क्रीन काळी झाली. ‘अपडेट चल रहा है, बंद मत कीजिए.’ दूरवरून कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याची स्क्रीन झाकायची सोय असते, हे मला नंतर कळलं. त्या काळ्या पडद्यामागे तो माझं कार्ड वापरत होता. रिफंडचा म्हणून त्याने ओटीपी विचारला, मी सांगितला. पहिला जुळला नाही म्हणाला, दुसरा विचारला, तोही सांगितला. दोन्ही मेसेजमध्ये रक्कम स्वच्छ लिहिलेली होती: २४,५०० आणि १३,७००. पण फोन कानाला होता आणि तो घाई करत होता. मी मेसेजच्या वरच्या पट्टीतले सहा आकडे तेवढे वाचले. पैसे येताना ओटीपी लागत नाही, जाताना लागतो, हे मला माहीत होतं. माहीत असूनही त्या क्षणी ते मनात आलं नाही, कारण त्या नंबरामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसलेला होता.

फोन ठेवल्यावर मेसेज नीट वाचले आणि हातपाय गार पडले. आधी बँकेला फोन करून कार्ड बंद केलं. तिथल्या बाईंनी १९३० सांगितला. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे. पैसे गेल्यापासून पावणेदोन तासांनी माझा फोन लागला. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम विचारली आणि तक्रारीचा क्रमांक दिला. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही हीच तक्रार करता येते. तेवढ्या वेळात २४,५०० पुढे निघून गेले होते, पण १३,७०० रुपये ज्या खात्यात पोचले होते तिथेच गोठवता आले. ते न्यायालयाचा आदेश होऊन पाच महिन्यांनी परत मिळाले. मी पाणी पिऊन, रडून, ह्यांची वाट बघून मग फोन केला असता तर तेही गेले असते. हा भाग मी मुद्दाम सांगते, कारण असं काही झालं की माणूस आधी लाजतो, कुणाला सांगू की नको करत बसतो, आणि पैसे तेवढ्यात दोन-तीन खाती ओलांडतात.

बाकीचे पैसे बँकेने दिले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात होतं की, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. मी ओटीपी दिला होता. नियम होता तसा होता, पण तो कागद हातात घेऊन बँकेच्या पायऱ्या उतरताना फार अपमान वाटला.

खरा धक्का मात्र रविवारी बसला. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, ती आली होती. मी तिला विचारलं, सगळं कळलं, पण त्याला माझा लायसन्स नंबर कसा कळला? तिने काही न बोलता स्वतःचा लॅपटॉप काढला, तीच काळी खिडकी उघडली, तोच शब्द टाइप केला. “मावशी, वाच.”

८८८ डी सी ए ६०. शेवटपर्यंत तोच.

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिने समजावून सांगितलं ते असं. ‘असॉक’ ही कुठल्या प्रकारची फाइल कशाशी जोडलेली आहे त्याची यादी दाखवणारी साधी आज्ञा आहे. यादी अक्षरक्रमाने लागते, म्हणून झेडने सुरू होणाऱ्या ओळी तळाशी येतात आणि यादी थांबली की नेमक्या डोळ्यांसमोर राहतात. त्यातली एक ओळ ‘झेडएफ-सेंड-टू-टार्गेट’ची. आपण फाइलवर राइट क्लिक करून ‘सेंड टू’मध्ये ‘कॉम्प्रेस्ड फोल्डर’ निवडतो ना, झिप करायला, त्याच सोयीची ती ओळ. समोरचा लांबलचक नंबर म्हणजे विंडोजमधल्या त्या भागाची ओळख. लायसन्सशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो जगातल्या प्रत्येक विंडोजवर एकच असतो. पुढे पोलिसांत जबाब द्यायला गेले तेव्हा तिथल्या ताईंना विनंती केली, त्यांनी त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. तिथेही तोच.

लाल खुणांचंही तसंच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्यवस्थित चालणाऱ्या मशीनवरही असल्या नोंदी भरपूर असतात. कुठली सेवा सुरू व्हायला उशीर झाला, प्रिंटरने वेळेत उत्तर दिलं नाही, अशा.

हा खेळ वर्षानुवर्षं परदेशातल्या लोकांशी खेळला गेला आहे, बराचसा आपल्याच देशातल्या कॉल सेंटरांतून. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली काही प्रकरणं टेक सपोर्टच्या नावाने परदेशी लोकांना लुटणाऱ्या कॉल सेंटरांची होती आणि तक्रारदारांत मायक्रोसॉफ्टही होतं.

आता जे काम करायला मी ४,९९९ रुपये दिले, ते काय होतं ते ऐका. फाइलवर राइट क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर अ‍ॅप’, आपलं नेहमीचं सॉफ्टवेअर निवडायचं आणि ‘नेहमी’ हा पर्याय द्यायचा. झालं. किंवा सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स’, मग ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’. विंडोज ११ मध्ये तिथल्या चौकटीत डॉट पीडीएफ टाइप केलं की ती फाइल कशात उघडते ते दिसतं आणि बदलता येतं. विंडोज १० मध्ये त्याच पानावर खाली ‘फाइलच्या प्रकारानुसार निवडा’ अशा अर्थाची ओळ असते.

राइट क्लिकच्या मेनूतली घुसखोरी काढायला आधी ते फुकटचं सॉफ्टवेअरच अनइन्स्टॉल करायचं. माझ्या तीन ओळी त्यानेच गेल्या, एक राहिली. त्यासाठी भाचीने नीरसॉफ्टचं ‘शेलएक्सव्ह्यू’ हे, अशा मेनूत काय काय जोडलंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर वापरलं, ते मोफत आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या नोंदी गुलाबी पट्ट्यात दिसतात. संशय असलेली नोंद निवडून एफ७ दाबलं की ती बंद होते, चुकलं तर एफ८ने परत चालू होते. तिने एकेक बंद करून पाहिली. मेनू उघडायला वेळ का लागत होता तेही तेव्हा समजलं: राइट क्लिक केलं की विंडोज त्या सगळ्या जोडलेल्या तुकड्यांना विचारून मग मेनू दाखवतं, आणि त्यातला एक रखडला की सगळाच मेनू रखडतो. तो तुकडा बंद झाला आणि मेनू पूर्वीसारखा चटकन उघडायला लागला. सगळं मिळून पाऊण तास, खर्च शून्य. रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्याला, तिने हात लावला नाही आणि मलाही लावू दिला नाही. शेवटी ते स्क्रीनवालं सॉफ्टवेअर काढलं आणि त्या मशीनवर वापरलेले सगळे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले.

२४,५०० रुपयांची तक्रार अजून चालू आहे.

माझी एक विनंती आहे. आज रात्री दुकान बंद करायच्या आधी, किंवा घरी मुलांना जवळ बसवून, स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून ती काळी खिडकी उघडा. ए, एस, एस, ओ, सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर दाबा. यादी थांबली की तळाच्या ओळींत ८८८ ने सुरू होणारा नंबर शोधा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तो दाखवा आणि शेजारच्या घरी जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवरचा त्याच्याशी जुळवून पाहा.