गतीची समीकरणे: कोणत्या गणिताला कोणते लावायचे?

तिन्ही समीकरणे तोंडपाठ असतात, तरी गणित समोर आले की पेन थबकते. पाठांतरात समीकरणे येतात, त्यांतून एक निवडायचे कसे हे येत नाही. चुकीचे समीकरण निवडले तरी उत्तर बहुधा निघते, पण दोन ओळींचे काम आठ ओळींवर जाते आणि त्या आठ ओळींत चिन्हाची नाहीतर वर्गाची चूक शिरते. म्हणून इथे चार समीकरणे आणि पाचवी वाट म्हणून वेग-काळ आलेख, असे सगळे शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

अक्षरे नेहमीचीच: सुरुवातीचा वेग यू, अंतिम वेग व्ही, त्वरण ए, काळ टी आणि विस्थापन एस. राशी पाच आहेत आणि प्रत्येक समीकरणात त्यांतल्या चारच येतात. निवडीची किल्ली इथेच आहे. समीकरणात काय आहे यापेक्षा काय नाही, ते बघायचे.

| समीकरण | गैरहजर राशी | केव्हा सोयीचे |
|---|---|---|
| व्ही = यू + ए×टी | विस्थापन | अंतराचा उल्लेखच नसेल तेव्हा |
| एस = यू×टी + ½×ए×टी² | अंतिम वेग | शेवटी वेग किती, याच्याशी देणेघेणे नसेल तेव्हा |
| व्ही² = यू² + २×ए×एस | काळ | वेळ दिलेली नाही, विचारलेलीही नाही तेव्हा |
| एस = ½×(यू + व्ही)×टी | त्वरण | दोन्ही वेग आणि वेळ माहीत असेल तेव्हा |

चौथे समीकरण म्हणजे सरासरी वेग गुणिले काळ. बरेच विद्यार्थी तिघांवरच थांबतात आणि याला वगळतात, पण चौघांत सगळ्यात कमी चुका यातच होतात, कारण यात ना वर्ग, ना त्वरणाचे चिन्ह. सुरुवातीचा वेग गैरहजर असलेले पाचवेही आहे: एस = व्ही×टी − ½×ए×टी². ते वेगळे पाठ करण्याची गरज नाही. तशी वेळ आली तर पहिल्या समीकरणातून यू काढून पुढे जाता येते.

निवडीची कृती अशी. समासात पाच अक्षरे एकाखाली एक लिहा. दिलेल्या किमती एककांसह भरा, विचारलेल्या राशीपुढे प्रश्नचिन्ह करा. जे अक्षर रिकामे उरेल ते ज्या समीकरणात नाही, ते समीकरण घ्या. काही किमती शब्दांत लपलेल्या असतात. ‘स्थिर अवस्थेतून’ किंवा ‘वस्तू सोडली’ म्हणजे यू शून्य. ‘थांबली’ किंवा ‘सर्वोच्च बिंदूला’ म्हणजे व्ही शून्य. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. सर्वोच्च बिंदूला वेग शून्य असतो, त्वरण नाही. ते तिथेही ९.८ मी/से² इतकेच आणि खालच्या दिशेनेच असते. दुसरी चूक अशी, की वस्तू जमिनीवर आदळते म्हणून अंतिम वेग शून्य धरला जातो. वर्गातल्या उत्तरपत्रिकांत ही चूक फार दिसते. समीकरण आदळण्याच्या आधीच्या क्षणापर्यंतच चालते. त्यानंतर जमीनही वस्तूवर बल लावते, म्हणून त्वरण बदलते.

आता एकच गणित तीन वाटांनी करून बघू. मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात आहे, ब्रेक लावल्यावर ५ मी/से² ऋण त्वरण मिळते. ती किती अंतरावर थांबेल? आधी एकक: ७२ ला ३.६ ने भागले की २० मी/से. मग यू = २०, व्ही = ०, ए = −५, एस = ? आणि टी रिकामा. म्हणजे तिसरे समीकरण: ० = ४०० − १०×एस, एस = ४० मीटर. काम एका ओळीत झाले.

हेच दुसऱ्या समीकरणाने करायचे तर आधी पहिल्याने टी काढावा लागतो: ० = २० − ५×टी, टी = ४ सेकंद. मग एस = २०×४ − ½×५×१६ = ८० − ४० = ४० मीटर. उत्तर तेच, पण दोन समीकरणे आणि एक उणे चिन्ह जास्तीचे. टी काढल्यावर चौथे वापरले तर ½×२०×४ = ४० मीटर, हे तोंडी होते. म्हणून वेळही विचारली असेल तर पहिले आणि चौथे ही जोडी घ्या. फक्त अंतर विचारले असेल तर तिसरे.

तिसऱ्या समीकरणाचा आणखी एक फायदा आहे. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर ठरते, हे त्यात उघड दिसते. तीच मोटार ४० मी/से वेगाने जात असेल तर १६०० भागिले १०, म्हणजे १६० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. दुसऱ्या समीकरणाकडे बघून हे पटकन लक्षात येत नाही.

त्याच मोटारीवर दुसरे समीकरण फसवते ती जागा बघा. प्रश्न असा बदला: ब्रेक लावल्यावर पहिल्या ६ सेकंदांत मोटार किती पुढे जाईल? किमती सरळ भरल्या तर २०×६ − ½×५×३६ = १२० − ९० = ३० मीटर. ४ सेकंदांत ४० मीटर गेलेली मोटार ६ सेकंदांत ३० मीटरच कशी? मोटार चौथ्या सेकंदाला थांबली, पण समीकरणाला ते कळत नाही. त्याच्या हिशेबी त्वरण अजून −५ च आहे, म्हणून उरलेल्या २ सेकंदांत ते मोटारीला १० मीटर मागे नेते. खऱ्या रस्त्यावर ब्रेकने गाडी उलटी जात नाही. बरोबर उत्तर ४० मीटर. ऋण त्वरण आणि वेळ दोन्ही दिले असतील तर आधी पहिल्या समीकरणाने वस्तू थांबते कधी ते काढा आणि दिलेल्या वेळेशी ताडून बघा. दुसरे समीकरण वापरताना एवढी एक ओळ कधीच गाळू नका.

वर फेकलेल्या चेंडूचे मात्र तसे नाही. तो वर थांबून खरोखरच खाली येतो, आणि गुरुत्वीय त्वरण जाताना-येताना तेच राहते. तिथे दुसरे समीकरण पूर्ण प्रवासाला एकदम लागते. फक्त एस म्हणजे विस्थापन आहे, कापलेले अंतर नव्हे, हे विसरून चालत नाही.

असे एक गणित घेऊ. २५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू २० मी/से वेगाने सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळाने पडेल? गुरुत्वीय त्वरण १० धरू आणि वरची दिशा धन. मग यू = +२०, ए = −१०, एस = −२५. विस्थापन उणे का? चेंडू शेवटी जिथून फेकला त्याच्या २५ मीटर खाली आहे म्हणून. तक्त्याप्रमाणे व्ही गैरहजर, म्हणजे दुसरे समीकरण: −२५ = २०×टी − ५×टी². वर्गसमीकरण झाले: टी² − ४×टी − ५ = ०. मुळे ५ आणि −१, म्हणून ५ सेकंद.

वर्गसमीकरणात हात बसला नसेल तर इथे तक्ता बाजूला ठेवून दुसरी वाट धरणे शहाणपणाचे. तिसरे समीकरण: व्ही² = ४०० + २×(−१०)×(−२५) = ९००. चेंडू खाली येत आहे, म्हणून व्ही = −३०. मग पहिले: −३० = २० − १०×टी, टी = ५ सेकंद. समीकरणे दोन लागली, पण दोन्ही सोपी. धोका एकच: ९०० चे वर्गमूळ घेताना उणे चिन्ह विसरून +३० घेतले तर टी = −१ येतो. तेच ते दुसरे मूळ. तिसऱ्या समीकरणात वेगाचा वर्ग झाल्यामुळे दिशा पुसली जाते, ती आपण परत लिहायची असते.

उंची-खोलीच्या गणितांत चुका होतात त्या बहुतेक चिन्हांच्या, समीकरणांच्या क्वचितच. ‘वर जाताना जी (गुरुत्वीय त्वरण) उणे, खाली येताना जी अधिक’ असा नियम पाठ केला की गणिताचे दोन तुकडे करावे लागतात आणि तुकडा बदलताना चिन्हही बदलायचे राहून जाते. त्यापेक्षा वही उघडताच एक बाण काढा, त्याच्यापुढे धन लिहा आणि गणित संपेपर्यंत तो बदलू नका.

आता आलेख. गती टप्प्याटप्प्याने बदलत असेल तिथे आलेखापुढे समीकरणे मागे पडतात. आगगाडी स्थिर अवस्थेतून १२ सेकंदांत १८ मी/से वेग घेते, ३० सेकंद त्याच वेगाने जाते, मग ९ सेकंदांत थांबते. एकूण विस्थापन? समीकरणांनी तीन भाग करावे लागतात: १०८ + ५४० + ८१ = ७२९ मीटर, आणि प्रत्येक भागाचा यू म्हणजे आधीच्या भागाचा व्ही, हे सांभाळावे लागते. वेग-काळ आलेखात रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, आणि इथे ते क्षेत्र म्हणजे एकच समलंब चौकोन आहे. समांतर बाजू ५१ आणि ३०, उंची १८. क्षेत्रफळ ½×८१×१८ = ७२९ मीटर. मोटारीच्या गणितात चालकाचा ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा १ सेकंद जोडा: आलेखात २० चा आयत आणि ४० चा त्रिकोण, एकूण ६० मीटर. कोणतेही एक समीकरण पूर्ण प्रवासाला लावून हे उत्तर येणार नाही, कारण पहिल्या सेकंदात त्वरण शून्य आहे आणि नंतर −५.

आलेखाची मर्यादाही आहे. वेळच माहीत नसेल तर आडवा अक्ष कुठे संपवायचा ते कळत नाही. ‘इतक्या अंतरात वेग इतका झाला, त्वरण काढा’ अशा गणितात आलेख काढत बसणे म्हणजे वेळ घालवणे. तिथे तिसरे समीकरणच. शिवाय अक्षांची गफलत होते: स्थिती-काळ आलेखाचा चढ म्हणजे वेग, वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण. स्थिती-काळ आलेखाखालचे क्षेत्रफळ काढून त्याला अंतर म्हणणारे विद्यार्थी कमी नाहीत. तिथे गुणाकाराचे एकक मीटर-सेकंद येते, त्यावरूनच चूक कळावी.

समीकरणे मुळात आली कुठून, हे आलेखावरून फार छान कळते. रेषेचा चढ म्हणजे पहिले समीकरण. खालचा आयत यू×टी आणि वरचा त्रिकोण ½×ए×टी² मिळून दुसरे. तेच क्षेत्र समलंब चौकोन म्हणून मोजले की चौथे. पहिल्या आणि चौथ्यातून टी काढून टाकला की तिसरे. दुसऱ्यातला ‘½’ विसरणाऱ्याने एकदा तो त्रिकोण काढून बघावा, पुन्हा विसरणार नाही.

‘एनव्या सेकंदातले अंतर’ या वेगळ्या सूत्राबद्दल स्पष्ट मत असे, की ते पाठ करू नये. यू + ½×ए×(२×एन − १) असे ते लिहितात, आणि एका सेकंदाने केलेला गुणाकार त्यात दिसत नसल्याने एकके जुळत नाहीत, मग गोंधळ होतो. एकसमान त्वरणात कोणत्याही कालावधीचा सरासरी वेग म्हणजे त्याच्या मधल्या क्षणाचा वेग, एवढे पुरते. पाचव्या सेकंदातले अंतर हवे तर ४.५ सेकंदांना असलेला वेग पहिल्या समीकरणाने काढा आणि १ सेकंदाने गुणा. स्थिर अवस्थेतून २ मी/से² त्वरण असेल तर ९ मीटर. याच रीतीने पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या सेकंदाचे १, ३, ५, ७ मीटर येतात. विषम संख्यांचा हा क्रम गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूंसाठी मांडला होता.

सरासरीवरून आठवले. ½×(यू + व्ही) हे फक्त एकसमान त्वरणात चालते. निम्मे अंतर ताशी ४० आणि निम्मे ताशी ६० किलोमीटरने गेलेल्या गाडीचा सरासरी वेग ५० नाही, ४८ आहे, कारण कमी वेगाच्या निम्म्या अंतराला वेळ जास्त लागतो.

प्रयोगातही निवड करावी लागते. २ मीटरवरून गोटी सोडून स्टॉपवॉचने वेळ घेतली आणि दुसऱ्या समीकरणाने गुरुत्वीय त्वरण काढले, तर खरा काळ सुमारे ०.६४ सेकंद असतो. बोट ०.१ सेकंद उशिरा पडले की ०.७४ होतो आणि उत्तर ९.८ ऐवजी ७.३ च्या आसपास येते. काळाचा वर्ग असल्याने टक्केवारीतली चूक जवळजवळ दुप्पट होते. टिकर-टेप, म्हणजे गाडीला जोडलेली आणि ठराविक वेळाने ठिपके उमटणारी कागदी पट्टी, असेल तर ती घ्या. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० ठिपके उमटवणाऱ्या टिकरवर ठिपक्यांमधली पाच अंतरे म्हणजे ०.१ सेकंद. लागोपाठच्या दोन तुकड्यांची लांबी ३.२ आणि ४.२ सेंटीमीटर असेल तर फरक १ सेंटीमीटर; त्याला ०.१ च्या वर्गाने भागले की १०० सेंमी/से², म्हणजे १ मी/से². गाडीला सुरुवातीला नकळत धक्का बसला तरी या रीतीत काही बिघडत नाही, कारण सुरुवातीचा वेग वजाबाकीत निघून जातो.

त्वरण एकसमान नसेल तर चारही समीकरणे बाद होतात: हवेचा विरोध जाणवेल असे पडणारे पीस, ताणलेल्या स्प्रिंगने ओढलेली गाडी, पॅडल हळूहळू सोडत नेलेली मोटार. तिथे फक्त आलेख उरतो. आलेख-कागदावर वक्र काढा, एका चौकटीची किंमत ठरवा, उदाहरणार्थ १ सेकंद × २ मी/से म्हणजे २ मीटर, आणि वक्राखालच्या चौकटी मोजा. अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली चौकट पूर्ण धरायची, कमी भरलेली सोडून द्यायची.