नसांचं जुनाट दुखणं: प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन की अमिट्रिप्टिलिन?

पायावर चादर घासली तरी आग होते, आणि पायाला जखम तर काहीच नाही. अशा दुखण्यात गडबड असते ती निरोप पुढे नेणाऱ्या पेशींत. मज्जारज्जूतल्या पेशींवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी दारं, असतात. एरवी त्यांच्या तोंडाशी मॅग्नेशियमचं बूच असतं. दुखऱ्या नसेकडून सतत मारा झाला की ते बूच निघतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी हळवी होते. मग साधा स्पर्शही वेदना म्हणून वर पोचतो. हे रिसेप्टर थेट अडवणारं औषध आहे, केटामाइन, पण त्याने भास होतात. म्हणून रोजच्या गोळ्या आडवाटेने जातात.

प्रीगॅबालिन कॅल्शियम वाहिनीच्या आल्फा-२-डेल्टा भागाला चिकटतं, त्यामुळे वेदनेचा निरोप नेणारं ग्लुटामेट कमी सुटतं. (घडण गाबा या मेंदू शांत करणाऱ्या रसायनासारखी असली तरी गाबाच्या रिसेप्टरवर ते बसत नाही.) गॅबापेंटिनचंही काम हेच, फक्त मात्रा वाढवावी तसं ते शरीरात कमी प्रमाणात शोषलं जातं आणि दिवसातून तीनदा घ्यावं लागतं. दोन्हींनी गुंगी येते, चक्कर येते, पाय सुजतात, वजन वाढतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी करावीच लागते.

उरलेल्या दोन्ही, ड्युलोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन, डिप्रेशनच्या गोळ्या. चिठ्ठीवर त्या दिसल्या की ‘म्हणजे दुखणं माझ्या मनाचंच आहे का?’ असं वाटून लोक दुखावतात. तसं काही नाही. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या नसा नॉरअ‍ॅड्रेनालिन हे रसायन सोडून वेदना दाबतात, आणि या गोळ्या ते जास्त वेळ टिकवतात. मन उदास नसलं तरी गुण येतो.

अमिट्रिप्टिलिन मात्र नको तिथेही हात घालतं. हिस्टामिनचे रिसेप्टर अडवल्याने झोप येते, मस्करिनिक नावाचे रिसेप्टर अडवल्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडते. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा हृदयाच्या लयीत बिघाड असेल तर मी तरी तिच्या वाटेला जाणार नाही. तरुण, धडधाकट आणि दुखण्याने झोप उडालेल्या माणसाला मात्र रात्रीची १० मिलिग्रॅमची सुरुवात छान लागू पडू शकते. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळतं, पण दिवसा सहसा तितकी गुंगी नसते. यकृताचा आजार असेल तर ते नको. आधीच ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू असेल तर या दोन्हींच्या बाबतीत डॉक्टरांना आवर्जून सांगा, सेरोटोनिन हे निरोप नेणारं रसायन शरीरात जास्त होण्याचा धोका असतो.

जास्त गुणकारी कोणती? मधुमेही रुग्णांवरच्या २०२२ च्या एका ब्रिटिश चाचणीत तिन्ही जवळपास सारख्याच ठरल्या, आणि एकीने पुरेसं भागलं नाही तेव्हा दुसरी जोडल्यावर आणखी आराम पडला. म्हणून निवड दुष्परिणाम बघूनच करावी. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणारा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया असेल तर हा हिशेबच वेगळा, तिथे आधी कार्बामाझेपिन.

आठवड्याभरात ‘गुण नाही’ म्हणून गोळी बदलू नका. पुरेशा मात्रेवर काही आठवडे द्या. आणि बंद करायची झाली तर तिन्हींपैकी कुठलीही एकदम सोडू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा.