जुनी एस्टिस अल्फा: सगळं टिकलं, रबर सोडून

काही महिने उडवल्यावर सांगतो, १९६७ साली आलेल्या एस्टिस कंपनीच्या अल्फा या छोट्या मॉडेल रॉकेटचं जुनं किट आजही झकास उडतं. बीटी-५० मापाची कागदी नळी, बाल्साचे तीन पंख, १२ इंची पॅराशूट. बिघडतं ते रबर. नोज कोनला, म्हणजे रॉकेटच्या टोकाला, नळीशी बांधून ठेवणारी ही शॉक कॉर्ड पाकिटात पडल्या पडल्या वाळते. दुप्पट ताणून पाहा. बारीक भेगा दिसल्या तर सरळ कचऱ्यात टाका. ती हवेत तुटली की पॅराशूट नोज कोन घेऊन वाऱ्यावर जातं आणि नळी इंजिनासकट जमिनीवर आदळते.

नवं रबर घालूनही दुखणं अर्धंच जातं. तोकडं रबर झटक्यानं आखडतं, नोज कोन उलटा येऊन नळीच्या काठाला पोचा पाडतो. त्यापेक्षा शिलाईच्या दुकानातलं पाव इंची इलॅस्टिक घ्या, रॉकेटच्या लांबीच्या तिप्पट. अल्फा ३१ सेंटीमीटरची, म्हणजे मीटरभर पुरे. जुन्या किटांवर भरमसाट पैसे घेणाऱ्या विक्रेत्यांना एवढं इलॅस्टिक सोबत द्यायला काय होतं, कळत नाही.

सुरुवातीला माझं मत होतं की शॉक कॉर्डचं टोक कागदाच्या तिहेरी घडीत धरून नळीत चिकटवायची जुनी पद्धत सोडावी आणि केव्हलरचा (आच सोसणाऱ्या मजबूत धाग्याचा) दोरा थेट इंजिन माउंटला, म्हणजे नळीत इंजिन धरून ठेवणाऱ्या भागाला, बांधावा. आता तसं वाटत नाही. इंजिनाच्या तोंडाशी दोरा काजळून कडक होतो, हळूहळू झिजतो, आणि माउंट एकदा चिकटला की बदलता येत नाही. शिवाय दोरा नळीच्या काठाबाहेर आला तर झटक्यासरशी नळीचा कागद उभा चिरतो. कागदी घडी वरच्या बाजूला असते, आच कमी लागते आणि निकामी झाली तर शेजारी दुसरी चिकटवता येते. फक्त नोज कोनचा खांदा जिथे संपतो त्याच्या खाली लावा, नाहीतर कोन अडकून बसेल. केव्हलरच हवा असेल तर तो काठाच्या आतच संपवून पुढे इलॅस्टिक जोडा.

पंखांबद्दल थोडक्यात: बाल्साच्या रेषा पुढच्या कडेला समांतर हव्यात. जुना पंख ओढून काढू नका, नळीचा वरचा थर सोलून येतो. मुळाशी ब्लेडनं कापा. नवा पंख लावताना त्याच्या मुळाला आणि नळीला पातळ गोंद लावून चिकट होईपर्यंत थांबा, मग पुन्हा गोंद लावून जोडा. माउंट मात्र एका दमात आत ढकला. पिवळा लाकडाचा गोंद वाटेतच धरतो, मग माउंटची रिंग पुढेही जात नाही नि मागेही येत नाही.

पॅराशूट जळू नये म्हणून त्याच्या नि इंजिनाच्या मध्ये भरायच्या वॉडिंगच्या पाकिटांवर खर्च नको. घराच्या भिंतीत भरतात ते आगरोधक सेल्युलोजचं इन्सुलेशन नळीत चार-पाच सेंटीमीटर सैल भरलं की काम भागतं. प्लॅस्टिकच्या पॅराशूटला टाल्कम पावडर लावा आणि घडी उडवायच्या आधीच घाला. थंडीत आदल्या रात्री घातलेली घडी उघडत नाही.

पहिलं उड्डाण ए८-३ या कमी ताकदीच्या इंजिनावर करा, १५ फूट लांब उभं राहून. सी६-७ हे जास्त ताकदीचं इंजिन लहान मैदानावर म्हणजे रॉकेटवर पाणी सोडणं. किटासोबत जुनी इंजिनं मिळाली तर ती वापरू नका. वर्षानुवर्षांच्या उष्णता-थंडीनं आतली दारू आवरणापासून सुटलेली असू शकते, आणि मग इंजिन उड्डाणाच्या रॉडवरच फुटतं.

भारतात कुणासाठी नेणार असाल तर किट खुशाल न्या. इंजिनं विमानात चालत नाहीत, चेक-इन बॅगेतही नाहीत.