सांगलीत ओतून घेतलेला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा अर्धपुतळा: काम कसे आहे?

चेहरा उत्तम, धातू चोख, बसवणी मात्र कच्ची. पुतळे ओतणाऱ्या सांगलीतल्या या कार्यशाळेबद्दल असेच म्हणावे लागेल.

मेणाची प्रतिकृती (जिच्या जागी पुढे धातू ओततात) करण्याआधी शाडूच्या कामावरच बघायला बोलावतात, ही त्यांची सगळ्यात चांगली पद्धत. चबुतऱ्यावरच्या उठावचित्रात आधी देशी लाकडी नांगर घडवला होता. तो जमीन नुसती फाडतो. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर कापलेली माती उलटून टाकतो, त्यासाठी फाळामागे वळणदार पाते लागते आणि चित्रात तेच नव्हते. ज्यांचे पहिले मोठे उत्पादनच लोखंडी नांगर होते, त्यांच्या पुतळ्याखाली ही चूक चाललीच नसती. कारागिरांनी वाद न घालता खऱ्या नांगराची मापे घेऊन पाते नव्याने घडवले.

धातू 85-5-5-5 गनमेटल, म्हणजे ब्राँझचाच एक प्रकार: तांबे 85 टक्के, कथील, शिसे, जस्त प्रत्येकी 5. दर किलोवर असतो, म्हणून वजन आधीच ताडून बघा. एक चौरस मीटर पृष्ठभाग आणि 6 मिमी जाडी धरली तर सुमारे 53 किलो होतात. वजन फार कमी भरले तर पत्रा पातळ आहे. फार जास्त भरले तर पुतळा पोकळ राहावा म्हणून ओतताना आत ठेवलेला गाभा पूर्ण काढलेला नाही असे समजा. सोनेरी ऑइलपेंट सुचवतील, तो नको म्हणा. त्याखाली ओतकामाची छिद्रे आणि वेल्डिंगचे सांधे झाकले जातात. गरम करून रासायनिक तपकिरी रंग आणि वर मेण, हेच मागा.

खरी तक्रार बसवणीची. साधे लोखंडी बोल्ट वापरले होते. ब्राँझला लोखंड टेकले आणि पावसाचे पाणी मिळाले की लोखंडच आधी गंजते, फुगते आणि दगडाला चीर पाडते. शिवाय तांबूस ओघळ काळ्या दगडावर उतरतात. 16 मिमीचे स्टेनलेस बोल्ट, दगडात 200 मिमी खोल, इपॉक्सीत बसवून घ्या. पाणी निघायला बुडाशी 8 मिमीची दोन भोके हवीत. ती ओतण्याआधीच मेणात पाडायला सांगा; रंग झाल्यावर ड्रिल चालवले तर कडेचा रंग उडतो आणि तेवढा भाग पुन्हा तापवावा लागतो.

पाटीवरचा मजकूर (1869–1956, किर्लोस्करवाडीची स्थापना 1910) कागदावर तपासून सही करूनच द्या. ओतलेले अक्षर दुरुस्त करायला पाटीच नवी करावी लागते, आणि तिचे पैसे वेगळे घेतात.