एमजीबी घ्यायची की स्पिटफायर? जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी करायला निघालेल्यांसाठी

लहानपणी आमच्या घरी स्टँडर्ड हेराल्ड होती आणि समोरच्या डॉक्टरांकडे अँबेसिडर. पुढे नोकरीनिमित्त कॉव्हेंट्रीत स्थायिक झालो. एका रविवारी शेजाऱ्याच्या ट्रायम्फ स्पिटफायरखाली टॉर्च घेऊन शिरलो, तर चॅसीचा मधला कणा ओळखीचा निघाला. वडिलांबरोबर मिस्त्रीकडे तासन्तास बसून पाहिलेला तोच हेराल्डचा कणा. काही महिन्यांनी मेहुण्याच्या एमजीबीचं बॉनेट उघडलं, तर आत डॉक्टरांच्या अँबेसिडरचा थोरला भाऊ बसलेला! दोन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, एमजीची मालक कंपनी) बी-सिरीज घराण्यातली. अँबेसिडरचं १४८९ सीसी, एमजीबीचं १७९८. पुशरॉडची तीच रचना, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला.

इकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी ना कुणी आता विचारत असतं, ‘मुलं मोठी झाली, गॅरेज रिकामं आहे, दोन्हींतली कुठली घेऊ?’ मी एक स्पिटफायर चार हिवाळे खपून उभी केली आणि मेहुण्याच्या एमजीबी जीटीवर (एमजीबीचीच बंद छताची आवृत्ती) त्याच्या बरोबरीने राबलो. त्यामुळे उत्तर अनुभवातून देतो. गाडी रूपावरून किंवा इंजिनाच्या ताकदीवरून निवडू नका. तुमच्याकडे जागा किती, वेल्डिंग कोण करणार आणि गाडी झाल्यावर तिच्यातून कुठे जायचंय, हे आधी ठरवा. निवड त्यावरच होते. त्याचं कारण समजायला थोडा इतिहास लागतो.

दोन्ही गाड्या १९६२च्या शरदात बाजारात आल्या, दोन्ही त्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मांडल्या होत्या आणि दोन्ही १९८० साली थांबल्या. स्पिटफायर कॉव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात बने, एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनमध्ये. एमजीबी पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. स्पिटफायर तीन लाखांहून थोड्या जास्त.

पण त्या घडल्या अगदी वेगळ्या परिस्थितीत. एमजीबी ही सिड एनेव्हर या इंजिनिअरच्या हाताखाली तयार झाली. आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती, एमजीबीला नाही. पत्र्याचं पूर्ण अंगच भार उचलतं, म्हणजे मोनोकॉक. त्यासाठी लागणारे मोठे प्रेस आणि साचे बीएमसीसारख्या बड्या कंपनीच्या आवाक्यात होते.

स्पिटफायर बनवणाऱ्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीची गोष्ट उलटी. १९५३ साली बीएमसीने फिशर अँड लडलो ही बॉडी बनवणारी कंपनी विकत घेतली आणि ट्रायम्फच्या नव्या छोट्या गाडीची बॉडी कुठून आणायची हा प्रश्न उभा राहिला. पूर्ण मोनोकॉक बनवून देणारं कुणी हाताशी नव्हतं. मग इंजिनिअरांनी जुन्या पद्धतीची वेगळी चॅसी घेतली आणि वेगवेगळ्या ठिकाणी बनवलेले बॉडीचे तुकडे तिच्यावर बोल्टांनी आवळले. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने तिला रूप दिलं आणि १९५९ साली ती हेराल्ड म्हणून बाजारात आली. तुकड्यांत बांधलेली गाडी परदेशी पाठवून तिथे जुळवायलाही सोपी. तीच मद्रासला स्टँडर्ड मोटर्सकडे पोहोचली आणि तिथून आमच्या दारात. म्हणजे एमजीच्या मालकांनी केलेल्या एका खरेदीमुळे ट्रायम्फला चॅसीकडे वळावं लागलं, आणि आज साठ वर्षांनी त्याचाच फायदा स्पिटफायर उघडणाऱ्याला होतो. हे मला फार आवडतं.

स्पिटफायर म्हणजे हेराल्डची आखूड केलेली चॅसी आणि वर मिकेलोत्तीचीच दोन आसनी बॉडी. कंपनीकडे पैसा संपल्यामुळे तिचा नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून होता. १९६१ मध्ये लेलँड या ट्रक-बस बनवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली, नव्या लोकांनी ते कापड उचललं आणि गाडीला होकार दिला.

आता मुख्य मुद्दा, गंज. इंजिन कितीही बिघडलं तरी पैशाने दुरुस्त होतं. पत्रा सडला की तुमचे महिने जातात.

एमजीबीत दाराखालचा पट्टा, ज्याला इथे सिल म्हणतात, तो गाडीचा जीव आहे. बाहेरून दिसतो तो एकच थर. आत उभा पत्रा आणि खाली आणखी एक पन्हाळीसारखा भाग, मिळून पेटी तयार होते. बाहेरचा थर नवा, रंग चकचकीत आणि आतलं सगळं भुगा झालेलं, अशा कितीतरी गाड्या विकायला असतात. त्याशिवाय मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) टोकांचे आधार आणि सीटमागे बॅटरी बसवायच्या पेट्या पाहा. (१९७४ पर्यंतच्या गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या तिथे असत.) हे सगळं गाडी योग्य ठिकाणी टेकवून, दारं जागच्या जागी ठेवून, फटी मोजत मोजत वेल्ड करावं लागतं. हाताशी चांगला वेल्डर नसेल तर एमजीबीचं हे काम स्वतः शिकायला घेऊ नका.

पण एमजीबीकडे एक हुकमी पत्ता आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुने मूळ साचे गोळा करून १९८८ पासून एमजीबीची पूर्ण नवी बॉडी बनवायला सुरुवात केली. तुमची गाडी कुजून गेली तरी इंजिन, एक्सल, काचा, आतलं सामान काढून नव्या बॉडीवर चढवता येतं. खर्च हजारो पौंडांत जातो, तरी अर्धवट सडलेली बॉडी तुकड्यातुकड्याने जोडण्यापेक्षा तो कधी कधी शहाणपणाचा ठरतो. मेहुण्याने ती वाट घेतली नाही. त्याचा पत्रा दुरुस्त होण्याजोगा होता.

स्पिटफायरमध्ये बॉडी चॅसीवरून उचलता येते. चार माणसं आणि एक दुपार पुरते. खालची चॅसी वाळूच्या माऱ्याने स्वच्छ करून रंगवली की अर्धी काळजी मिटते. एक गोष्ट मात्र जपा, आणि ती मी चूक करून शिकलो. हेराल्डच्या चॅसीला दोन्ही बाजूंना बाहेरचे दांडे होते, स्पिटफायरला ते नाहीत. म्हणून इथेही सिल भार उचलतात. माझ्या गाडीच्या पहिल्या मालकाने सिलवर जाड लांबी (पुटी) भरून रंग मारला होता आणि मी ‘पत्रा चांगला’ समजून घेतली. मग खरं दिसल्यावर दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या न बांधताच दोन्ही सिल कापले. बॉडी मधून खाली बसली. दारं परत बसवली तेव्हा एकही मिटेना. तो अख्खा हिवाळा त्यात गेला. कापायच्या आधी पट्ट्या वेल्ड करा आणि एका वेळी एकच बाजू उघडा.

यंत्राच्या कामात स्पिटफायर शिकणाऱ्याला सोपी आहे. पूर्ण पुढचा भाग, मडगार्डांसकट, एकाच झाकणासारखा पुढे उलटतो. चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. गिअरबॉक्स काढायचा तर सीटा आणि मधलं आवरण काढून तो गाडीच्या आतूनच बाहेर येतो. एमजीबीत क्लच बदलायला इंजिनच वर उचलावं लागतं, म्हणजे क्रेन हवी, छत उंच हवं, सोबतीला माणूस हवा. छोट्या सिंगल गॅरेजमध्ये एकट्याने संध्याकाळी काम करणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

पण टिकाऊपणात एमजीबी पुढे. बी-सिरीज दणकट इंजिन आहे, १९६४च्या शेवटापासून तर त्याला पाच बेअरिंगचा क्रँक आला. वेळेवर ऑइल बदललं तर बराच काळ कुरकुर करत नाही. स्पिटफायरची इंजिनं गोड फिरतात, पण १४९३ सीसीचं शेवटचं इंजिन लांब मोटरवेवर सतत जास्त फेऱ्यांत पळवलं की क्रँकची बेअरिंगं झिजतात. मला १९७० ते १९७४ची मार्क फोर, म्हणजे चौथी आवृत्ती, १२९६ सीसीची, सर्वांत समतोल वाटते.

मार्क फोर सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. आधीच्या स्पिटफायरची मागची चाकं हेराल्डसारखीच, वर आडवा पाटा आणि दोन्ही बाजूंना झुलणारे अर्धे एक्सल. वळणावर वेगात असताना घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग वर उचलला जाऊन चाक आत मुडपतं आणि गाडी गिरकी घेते. मार्क फोरला तो पाटा सुधारला आणि ही खोड बरीच कमी झाली. भारतात तर स्टँडर्डने हेराल्डनंतरच्या गॅझेलला मागे सरळ एक्सलच बसवला. एमजीबीला पहिल्यापासून मागे सरळ एक्सल आणि लांब पाटे. खड्ड्यातून थोडी उडते, पण ती काय करणार हे आधीच कळतं.

स्पिटफायरच्या पुढच्या चाकांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवाच. तिथे ट्रनिअन नावाचा पितळी भाग आहे, चाक वळवताना त्यात उभा दांडा फिरतो. त्यात ग्रीस भरायचं नसतं, गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल भरायचं असतं. अनेक वर्षं कुणी ग्रीस भरलं असेल किंवा काहीच भरलं नसेल तर आत पाणी साचून दांडा गंजतो आणि एखाद्या दिवशी चाक आडवं पडतं. गाडी घेतल्यावर पहिलं काम हे. एमजीबीला तिथे किंगपिन (चाक ज्यावर वळतं ते खिळे) आहेत. ते ग्रीस मागतात, पण नीट सांभाळले तर दगा देत नाहीत.

वायरिंग, सीटा, कापडी टप, रबरी पट्ट्या यांत निवडण्यासारखं काही नाही. दोन्हींचं सामान नवं मिळतं, दोन्हींची वायरिंग साधी आहे. गिअरबरोबर ओव्हरड्राइव्हचं (वरच्या गिअरच्याही वरच्या जादा गिअरचं) बटण असेल तर ती गाडी घ्या. मोटरवेवर इंजिनाचा आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतात.

एमजीबी ठरली तर साल कुठलं? १९६७च्या शेवटी मार्क टू आली. तिला चारही गिअरांना सिंक्रोमेश (गिअर खडखड न करता पडायची सोय), डायनॅमोऐवजी अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला) मिळालं. तेव्हापासून १९७४ पर्यंतच्या क्रोम बंपरच्या गाड्या माझ्या मते उत्तम. १९७४च्या शेवटी अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडी उंचावली. वळणावर ती जास्त कलते, हे १९७७च्या मॉडेलपासून थोडं सुधारलं. त्या गाड्या स्वस्त मिळतात आणि पैसा मोजका असेल तर त्यांना नाक मुरडू नका. आणि उघडा टप हवाच असा हट्ट नसेल तर १९६५ पासूनची जीटी पाहा. इटलीच्या पिनिनफारिना कंपनीने तिच्या छताला आकार दिला, मागे मोठं दार आहे, डिकीत चार दिवसांचं सामान मावतं. इंग्लंडच्या पावसात आम्ही दोघं मेहुण्याच्या जीटीतून लेक डिस्ट्रिक्टला गेलो, काही भिजलं नाही.

म्हणून मी विचारणाऱ्यांना असं सांगतो. स्वतःच्या हाताने शिकायचंय, जागा लहान आहे, किंमत कमी हवी, आणि रविवारी चाळीस-पन्नास मैलांची चक्कर पुरेशी आहे, तर स्पिटफायर. वेल्डिंगला पैसे द्यायची तयारी आहे, बायकोला घेऊन लांब जायचंय, वर्षभर वापरायचीय, तर एमजीबी. मेकॅनिकच्या कामाचा हात असेल पण पत्र्याचा नसेल, तर इथेही स्पिटफायरच, कारण तिची चॅसी तुम्हाला चुका करायला थोडी जास्त मुभा देते.

कागदपत्रांत दोन्ही सारख्याच. चाळीस वर्षांवरची गाडी हिस्टॉरिक वर्गात नोंदवली की रोड टॅक्स लागत नाही आणि मोठे बदल केलेले नसतील तर एमओटीचीही (दरवर्षीच्या तपासणीची) सक्ती नाही. तरी मी दरवर्षी एमओटी करून घेतो, दुसऱ्याच्या डोळ्याने खालून पाहिलेलं बरं. पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) भरा. सप्टेंबर २०२१ पासून साध्या पंपावर ई१० मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. नळ्या नव्या प्रकारच्या बदलून घ्या.

बघायला जाताना एक लोहचुंबक कापडात गुंडाळून न्या. सिलवर, मडगार्डाच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. स्पिटफायर असेल तर बॉनेट उघडून क्रँकच्या पुढच्या पुलीकडे पाहा आणि कुणाला तरी क्लच दाबायला सांगा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे सरकली तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे आतले थ्रस्ट वॉशर गेलेत, तसाच चालवला तर ब्लॉकच खराब होईल. एमजीबी असेल तर विकणाऱ्याची परवानगी घेऊन जॅकच्या ठरलेल्या जागेवर गाडी उचला आणि मग दार उघडा-मिटा. दार आधी सहज मिटत होतं आणि आता खाली घासत असेल, तर त्या गाडीची किंमत निम्म्यावर आणा, नाहीतर घरी परत या.